सीमाभागातल्या मराठी प्रेक्षकांना: पिच्चर कसा वाटला ते खरं सांगा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील समस्त मराठी प्रेक्षक

सप्रेम नमस्कार.

पिच्चर बघून आल्यावर आपण एकमेकांना काय सांगतो, एवढ्याच विषयावर हे पत्र आहे. विषय किरकोळ वाटेल. पण आपल्या भागात मराठी सिनेमाला दुसरा रविवार मिळतो की पहिल्याच गुरुवारी तो उतरतो, हे पुष्कळदा त्या बोलण्यावर ठरतं. आणि ते बोलणं आपण अलीकडे धड करत नाही, असं मला मनापासून वाटतं.

मी बेळगावच्या शहापुरात ब्लाउज शिवते. सोमवार-मंगळवारी मापं द्यायला, फॉल-पिकोला साड्या टाकायला बायका येतात, तेव्हा शनिवार-रविवारी कोणी काय पाहिलं ते सगळं माझ्या कानावर पडतं. माझ्या हातात टेप असते आणि हात वर करून उभी राहिलेली बाई सांगत असते, ‘मध्यंतरापर्यंत बरं चाललंय की, खरं मग नुसतं ताणलंय. शेवटी आई रागावते, ते मात्र खरं वाटलं बघा. माझी सासू अशीच रागवायची, आवाज न चढवता.’ या दोन-तीन वाक्यांत सिनेमाचं जितकं मर्म येतं तितकं मी छापील परीक्षणातही क्वचित वाचलंय. असलं बोलणं दुकानातच विरून जातं, पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी आपली अडचण सांगते. महाराष्ट्रात 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना बजावलं, की दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत मराठी सिनेमाला खेळ द्या. तो नियम पाळला जातो की नाही यावर तिकडे अजून वाद होतात, पण निदान वाद घालायला हातात कागद आहे. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. तो कागद शिनोळीपासून पुढे चालतो, अलीकडे नाही. इथे कन्नड सिनेमाला पहिला मान आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कर्नाटकात तो असायचाच. मग मोठे हिंदी सिनेमे, मग डब होऊन आलेले तेलुगू-तमिळ. या सगळ्यांचं भागवून जो खेळ उरतो तो मराठीच्या वाट्याला येतो. सकाळचा, नाहीतर भर दुपारचा. नोकरीवाला तेव्हा नोकरीवर असतो आणि माग चालवणारा मागावर.

थिएटरवाल्याच्या नावाने बोटं मोडून काही होत नाही. शुक्रवारी सिनेमा लागतो, शनिवार-रविवारी खुर्च्या किती भरल्या ते तो बघतो, सोमवारी किती गळती झाली ते बघतो, आणि आठवड्याच्या मध्यावर पुढच्या शुक्रवारचे खेळ लावतो. रिकाम्या हॉललाही वीज लागते आणि माणसांचा पगार द्यावा लागतो. म्हणजे मराठी सिनेमाच्या हातात जेमतेम तीन-चार दिवस. टीव्हीवरची जाहिरात ‘आपल्या जवळच्या चित्रपटगृहात’ म्हणते, पण त्या जवळच्यात आपलं गाव धरलंय की नाही हे तिकिटाच्या ॲपवर शोधल्याशिवाय कळत नाही. कलाकार प्रसिद्धीला निघतात ते बहुतेक वेळा कोल्हापुरातूनच माघारी फिरतात. मग आपल्याकडे सिनेमाची जाहिरात कोण करणार? पहिल्या दिवशी बघून आलेला माणूस. दुसरं कोणी नाही.

आणि विचारणाराही रिकामटेकडा म्हणून विचारत नसतो. निपाणीची माणसं पुष्कळदा कोगनोळी ओलांडून कोल्हापूर गाठतात. जांबोटी, कणकुंबीकडच्या माणसाला बेळगावात पिच्चर बघायचा तर परतीच्या बसचं गणित आधी करावं लागतं. चार माणसांच्या घराला तिकिटं, पेट्रोल आणि मध्यंतरात पोरांचं खाणं धरलं, तर एक दिवसाची मजुरी सहज जाते. असा माणूस फोन करून विचारतो, ‘कसा हाय पिच्चर? येऊ काय?’ त्याच्या या प्रश्नाला खरं उत्तर मिळालं पाहिजे.

आपण काय उत्तर देतो ते सांगते. मागे एकदा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कॉलेजात जाणाऱ्या एका पोराने रविवारी रात्री लिहिलं होतं, ‘पहिला भाग एक नंबर. बापाचं काम करणाऱ्याने रडवलं. दुसऱ्या भागात तेच तेच दाखवलंय, थोडा कापला असता तर अजून भारी झाला असता. तरी एकदा थिएटरात जाऊन बघा.’ मला तर हे वाचून त्याचा हेवा वाटला. चांगलं कुठे, कमी कुठे, आणि शेवटी बघा म्हणून शिफारस, सगळं चार ओळींत. त्याखाली एका वडीलधाऱ्यांनी लिहिलं, ‘आधीच इथे मराठी सिनेमा लागत नाही. लागला तर आपल्याच माणसांनी पाय ओढायचे?’ त्यावर धडाधड अंगठे पडले. पोरगा गप्प झाला आणि गप्पच राहिला. आता त्या ग्रुपवर प्रत्येक मराठी सिनेमाला एकच मजकूर येतो: ‘अप्रतिम! प्रत्येक मराठी माणसाने बघायलाच हवा!’ कित्येकदा तो शुक्रवारी सकाळी, पहिला खेळ सुटायच्या आधीच येतो. न बघता लिहिलेला.

त्या वडीलधाऱ्यांचा मला राग नाही. त्यांचं म्हणणं कुठून येतं ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. 1956 मध्ये हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून त्याने काय काय सोसलं, ते घराघरात माहीत आहे. अंधारात पडदा उजळतो आणि त्यावर देवनागरी अक्षरं येतात, शेजारचा अनोळखी माणूस आपल्याच भाषेत हसतो, याचं मोल पुण्यात बसून कळणार नाही. या मातीने मराठी सिनेमाला माणसंही दिली. निपाणीजवळच्या खडकलाट गावच्या सुलोचनादीदींनी अवघ्या महाराष्ट्राला पडद्यावरची आई दिली. त्या 2023 मध्ये गेल्या तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका घरातलं माणूस गेल्यासारख्या हळहळल्या. बेळगावात जन्मलेले अतुल कुलकर्णी मराठी, हिंदी, कन्नड अशा सगळ्या पडद्यांवर उभे राहिले. तेव्हा मराठी सिनेमा आपला आहे, त्याची बाजू घेतली पाहिजे, यात दुमत नाही.

पण खोटी वाहवा ही बाजू घेणं नव्हे. त्याने सिनेमाचंच नुकसान होतं, आणि ते मी माझ्या दुकानात बसून बघितलंय. वडगावची एक बाई, नेहमीचं गिऱ्हाईक. ग्रुपवर ‘अप्रतिम’ वाचून नवऱ्याला, सासूला आणि दोन पोरांना घेऊन गेली. सिनेमा सुमार होता. सासू मध्यंतराला म्हणाली, घरी जाऊया. पोरं मोबाईलमध्ये. नवऱ्याने येताना एक शब्द काढला नाही, पण तिने ओळखलं. त्यानंतर काही महिन्यांनी एक खरोखर चांगला मराठी सिनेमा आला, बापलेकीची साधी गोष्ट, मी स्वतः बघून आले होते. तिला सांगितलं, नक्की जा. ती म्हणाली, ‘नको गं ताई, तुम्ही सगळे असंच म्हणता.’ तो सिनेमा गुरुवारी उतरला. ती गेली असती तर आणखी दहा जणींना घेऊन गेली असती, इतकं तिचं गल्लीत चालतं. एका सुमार सिनेमाला आपण जो फुकटचा मान दिला, त्याची किंमत चांगल्या सिनेमाने मोजली. तांदळाचा व्यापारी प्रत्येक पोत्याला ‘एक नंबर माल’ म्हणू लागला की गिऱ्हाईक त्याला विचारणंच सोडून देतं. आपलंही तेच झालंय.

गंमत अशी की कन्नड सिनेमाबद्दल आपण किती मोकळं बोलतो! आपल्यातले कितीतरी लोक कन्नड सिनेमे आवडीने बघतात, डॉ. राजकुमारांची गाणी मराठी घरांतही गुणगुणली जातात. तिथे कोणाला कसली भीती नसते. ‘मारामारी चांगली, गोष्ट कच्ची.’ ‘हिरोपेक्षा व्हिलन भारी.’ झालं, पटकन सांगून मोकळे. समोरचा त्यावरून ठरवतो, जायचं की नाही. तेच तोंड मराठी सिनेमाबद्दल उघडताना आपण इकडे-तिकडे बघतो. परक्याबद्दल खरं बोलायचं आणि आपल्या माणसाशी खोटं, ही कुठली रीत?

खऱ्या बोलण्यात किती जोर असतो ते बघायचं तर ‘कांतारा’ आठवा. 30 सप्टेंबर 2022 रोजी तो फक्त कन्नडमध्ये लागला. गोष्ट किनारपट्टीची, भूतकोलाची, म्हणजे तिकडच्या दैवतांसाठी नाचून करतात त्या पूजेची. त्यातली कुंदापूरकडची कन्नड आपल्या बेळगावच्या कन्नडपेक्षा इतकी वेगळी, की आमच्या शेजारच्या कन्नड मावशीही म्हणाल्या, निम्मं बोलणं कळलं नाही. तरी बघून आलेला प्रत्येक माणूस सांगत सुटला, शेवटची वीस मिनिटं थिएटरातच बघा. त्यानंतर तो हिंदीत डब होऊन 14 ऑक्टोबरला, म्हणजे दोन आठवड्यांनी, देशभर लागला. आधी जाहिरातीचा डोंगर उभा केला आणि मग लोक आले, असं तिथे झालं नाही. लोक बोलले म्हणून सिनेमा पुढे सरकला. आणि ते काय बोलले तेही बघा. नुसतं ‘अप्रतिम’ नाही. ‘शेवट थिएटरात बघा’ असं बोट दाखवून सांगितलं.

मराठीतही हे घडलं. जून 2023 च्या अखेरीस ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणींची गोष्ट, मोठा हिरो नाही. बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून घोळक्याने थिएटरात गेल्या हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसांत माझ्या दुकानात दुसरा विषय नव्हता. ‘त्यातली मधली बहीण म्हणजे आमची नणंदच’, ‘माझ्या आईला घेऊन परत जाणार आहे’, असं चाललेलं. काही जणींना तो आवडला नाही, त्यांनी तसंही सांगितलं, की सहाही बहिणींचं दुःख एकाच सिनेमात कोंबलंय. कोणी कोणाला गप्प केलं नाही. आणि त्या वादामुळेच ज्या जाणार नव्हत्या त्याही बघायला गेल्या.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्या नाटकांच्या काळात प्रेक्षक जागेवरच मत द्यायचा. पद आवडलं तर ‘वन्समोअर’, नाही आवडलं तर तेही नटाला तिथल्या तिथे कळायचं. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. त्यांनी ज्यांच्यावर लिहिलं ते आपले बेळगावचे रावसाहेब आठवतात ना? गाण्यावर, नाटकावर जीव टाकणारा माणूस. आवडलं तरी तोंडात शिवी, नाही आवडलं तरी शिवी, पण शब्द खरा. म्हणून गाणारेही त्यांच्या ‘वा’ची वाट बघायचे. शिव्यांचं सोडा, त्यांच्यासारखा खरेपणा या गावच्या पाण्यात आहे. तो आपण ग्रुपच्या धाकाने घालवायला लागलोय.

आता कोणी म्हणेल, आम्हाला सिनेमातलं काय कळतं? कॅमेरा, संकलन, पार्श्वसंगीत हे जाणकारांनी बोलावं. माझं म्हणणं उलट आहे. तुम्हाला जे कळतं ते जाणकाराला कळत नाही. येळ्ळूरचा शेतकरी पडद्यावरची भाताची लावणी बघून लगेच सांगतो, की ही बाई आयुष्यात चिखलात उतरलेली नाही, रोप असं धरत नाहीत. निपाणीला बिड्या वळणाऱ्या बाईला कळतं, पडद्यावरच्या नटीची बोटं कामाची आहेत की चार दिवस शिकवलेली. आमच्या वडगाव-शहापूरच्या विणकराला माग दिसला की तो धोटा कुठे आहे ते आधी बघतो. मी तर साड्याच बघते. घरात चटणी-भाकरीला महाग असलेली सून आणि अंगात फिटिंगचा, पॅड लावलेला, पाठीला डोरी असलेला ब्लाउज! असला ब्लाउज शिवायला किती पैसे पडतात ते मला ठाऊक आहे. त्या क्षणी माझा त्या गरिबीवरचा विश्वास उडतो. उलट एका सिनेमात आईच्या ब्लाउजची बाही वेगळ्या कापडाची होती, जुनी फाटली म्हणून दुसऱ्या ब्लाउजमधून काढून लावलेली. त्या बाहीबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही, कॅमेराही तिथे थांबत नाही. पण आम्ही चौघीजणी त्यावर अर्धा तास बोललो. ज्याने कोणी ते कपडे केले, त्याने अशी आई जवळून पाहिलेली होती. हे परीक्षणात येणार आहे का? हे तुम्हीच सांगायचं.

भाषेचं तर विचारूच नका, आणि इथे मला जरा जास्तच बोलायचंय. सिनेमातली खेडवळ मराठी बहुतेक वेळा कुठल्याच खेड्याची नसते. चार ठिकाणी ‘ण’चा ‘न’ केला, ‘आहे’चं ‘हाय’ केलं, की झालं गाव तयार. नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’मध्ये करमाळ्याकडची बोली राखली, तेव्हा तिकडची माणसं सिनेमा बघून किती सुखावली! आपली बोली, कन्नडच्या सुरावर डोलणारी, वाक्याच्या शेवटी ‘की’ लावणारी, पडद्यावर आली तर हसवण्यापुरती येते. एखादा आडदांड पैलवान नाहीतर बावळट नोकर आपल्यासारखा बोलतो आणि थिएटरात हशा पिकतो. या बोलीत माणसं प्रेम करतात, कर्ज काढतात, लेकीला सासरी पाठवतात आणि मेलेल्याला खांदा देतात. हे त्या मुंबईच्या लेखकाला कोण सांगणार? आपण ‘अप्रतिम’ लिहून मोकळे झालो तर त्याला कधीच कळणार नाही. ‘सिनेमा आवडला, पण आमच्या भागातलं म्हणून जे पात्र दाखवलंय ते आमच्यासारखं बोलत नाही’, असं शंभर जणांनी लिहिलं तर पुढच्या वेळी तो निदान इकडे येऊन दोन दिवस बसेल.

आता कसं सांगावं त्याबद्दल थोडं. मत मोठं नको. कोणासाठी आहे ते सांगा, कारण ते सगळ्यात उपयोगी पडतं. म्हाताऱ्या आईला घेऊन जावं का, लहान पोराला झेपेल का. प्रमाणपत्रावर आता यूएच्या पुढे 7+, 13+, 16+ असं वय लिहिलेलं असतं, पण तुमच्या शेजारणीला त्यापेक्षा ‘एक मारहाणीचा प्रसंग लांबलाय, धाकट्याला नेऊ नको’ हे जास्त कळतं. आवडलं तर काय आवडलं ते एक तरी सांगा. नाही आवडलं तर कारण सांगा, आणि माणसावर घसरू नका. नटीच्या रंगावर, जाडीवर बोलणं हे मत नव्हे. त्या मतांनी माझ्या दुकानातल्या पोरींची मनं मोडलेली मी बघितलीत.

थिएटरचं आणि सिनेमाचं वेगळं ठेवा. पडदा अंधूक होता, आवाज फाटत होता, एसी बंद होता, हे सांगायलाच हवं, पण ते मॅनेजरला सांगा आणि ग्रुपवरही तसंच वेगळं लिहा. सिनेमातली संध्याकाळ काळीकुट्ट दिसली ती प्रोजेक्टरमुळे की दिग्दर्शकाने तशी ठेवली म्हणून, हे न बघता पुष्कळ जण सिनेमालाच ‘काही दिसत नाही’ म्हणून मोकळे होतात.

आणि शेवट फोडू नका. त्याहून वाईट म्हणजे पडद्यावरचा प्रसंग मोबाईलवर घेऊन स्टेटसला ठेवणं. पोरं हे कौतुकानेच करतात, त्यांना वाटतं प्रसिद्धी होते. पण 2023 मध्ये कायदा दुरुस्त झालाय. थिएटरात असं चित्रीकरण करणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. घरातल्या पोरांना हे आजच सांगून ठेवा.

ट्रेलर बघून, कोणा नटाने कुठे काय विधान केलं ते वाचून, सिनेमा न बघता त्याला झोडपणं, हाही प्रकार आपल्याकडे वाढलाय. न बघता केलेली स्तुती आणि न बघता केलेली निंदा, दोन्ही माझ्या लेखी सारख्याच. केरळात गेल्या काही वर्षांत निर्मात्यांची तक्रार कोर्टापर्यंत गेली, की सिनेमा लागल्या लागल्या ठरवून वाईट परीक्षणं टाकली जातात. कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञ वकिलाने तर पहिले 48 तास थांबा अशी सूचनाही केली. तिकडचं दुखणं तिकडे. आपल्याकडे मराठी सिनेमावर बोलायला 48 तास थांबलो तर त्याचा निकालच लागून जाईल. आपल्याला लवकर बोलायला हवं, पण बघून बोलायला हवं.

ग्रुप चालवणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती, की कोणी ‘दुसरा भाग लांबला’ असं लिहिलं तर त्याला मराठीद्रोही ठरवू नका. त्याने स्वतःच्या खिशातले पैसे घालून मराठी सिनेमा बघितलाय, तुमच्या-माझ्यासारखाच. महिला मंडळं आणि वाचनालयं हळदीकुंकू, व्याख्यानं, पुस्तकांवर चर्चा ठेवतात. महिन्यातून एकदा, नुकत्याच बघितलेल्या सिनेमावर तासभर बोलायला बसा. खर्च काही नाही, चहा आणि सतरंजी. त्यात म्हाताऱ्यांना आणि शाळकरी पोरांना मुद्दाम बोलू द्या. आणि आपल्या कन्नड शेजाऱ्यांना बोलवा. आमच्या शेजारच्या मावशींना मराठी सगळं कळतं, मराठी मालिका त्या आमच्याआधी बघतात, पण मराठी सिनेमाला या असं त्यांना आजवर कोणी म्हटलेलंच नव्हतं. एकदा बोलावल्यावर त्या तीन मैत्रिणींना घेऊन आल्या, चार तिकिटं वाढली, आणि बाहेर आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं: थोरल्या भावाला सगळ्या सिनेमात एकदाही जेवताना दाखवलेला नाही.

इथल्या वृत्तपत्रांत वाचकांच्या पत्रांची जागा असते. तिथे गटारी, रस्ते, बस यांच्यावर आपण हक्काने लिहितो. सिनेमावरही लिहा, आठ-दहा ओळी पुरेत. तिकिटाच्या ॲपवर मत लिहायची सोय असते, तिथे गुण देऊन थांबू नका, दोन वाक्यं मराठीत टाका आणि आपल्या गावाचं नाव लिहा. निर्माता आणि वितरक तिथे बघतात. बेळगाव, खानापूर, निपाणी ही नावं त्यांच्या डोळ्यांसमोर वारंवार आली, तर पुढच्या सिनेमाच्या वेळी इथे किती खेळ मागायचे याचा ते विचार करतील.

आज बुधवार आहे. परवा नवे सिनेमे लागतील, त्यांत मराठी असेल तर त्याची वेळ उद्या ॲपवर दिसेल. ज्यांना शुक्रवार-शनिवारी जायला जमतं त्यांनी जा आणि रविवारी सकाळच्या आत सांगा, म्हणजे बाकीच्यांना रविवार मिळेल. आवडला तर आवडला म्हणा, नाही तर नाही म्हणा, आणि का ते सांगा. माझ्या दुकानात येणाऱ्यांनी मापं देताना सांगितलं तरी चालेल, मी पुढे पोचवीन.

आपली,
शहापूर, बेळगाव येथील एक प्रेक्षक